हिवाळ्याचा अंधार आणि लोकरीचा गुंडा

गेल्या आठवड्यात दवाखान्यात एक काका-काकू आले. दोघेही निवृत्त प्राथमिक शिक्षक. मुलगी-जावई फिनलंडला असतात आणि हे दोघे डिसेंबरात तीन महिन्यांसाठी तिकडे जाणार आहेत. काकांनी खिशातून वही काढली. ‘‘बाई, कोणकोणती औषधं बरोबर न्यावीत ते लिहून द्या. तिकडे म्हणे साधी गोळीसुद्धा चिठ्ठीशिवाय मिळत नाही.’’

मी काकांच्या रक्तदाबाच्या आणि काकूंच्या थायरॉईडच्या गोळ्या लिहिल्या, पायांच्या भेगांसाठी मलम लिहिले आणि शेवटी लिहिले, ‘‘लोकरीचे चार गुंडे, जाड सुयांची एक जोडी.’’ काकांनी चष्मा वर करून चिठ्ठी दोनदा वाचली. ‘‘हे मेडिकलमध्ये मिळेल?’’ काकू हसू लागल्या. त्या चिठ्ठीतील शेवटच्या ओळीचा खुलासा म्हणजे आजचा हा लेख. ज्यांची नातवंडे थंड देशांत आहेत त्यांच्यासाठी तो आहेच, पण ज्यांची नातवंडे इथेच, सातारा जिल्ह्यात, दिवसभर खोलीत मोबाईल घेऊन बसलेली असतात त्यांच्यासाठीही आहे.

दुपारी दोनला रात्र

२०२२ च्या नोव्हेंबरात मी मुलीच्या बाळंतपणासाठी स्वीडनमधील उमेओ या गावी गेले. गाव स्वीडनच्या उत्तर भागात, समुद्रकिनाऱ्याजवळ आहे. विद्यापीठाचे गाव, रस्त्यांच्या कडेला बर्चची झाडे, सगळे नीटनेटके. पण डिसेंबरच्या मध्याला तिथे सूर्य सकाळी नवानंतर उगवतो आणि दुपारी दोनच्या आत मावळतो. दिवस साडेचार तासांच्या आसपास. त्यातही आभाळ भरलेले असले तर सूर्य दिसायचाच नाही. आपल्याकडे डिसेंबरातला सर्वांत लहान दिवससुद्धा अकरा तासांचा असतो. आपण ज्याला हिवाळा म्हणतो तो थंडीचा हिवाळा, त्यांचा तो अंधाराचा हिवाळा.

बाळ सुखरूप झाले. नात. पण माझे लक्ष लागून राहिले ते सात वर्षांच्या थोरल्या नातवाकडे. उन्हाळ्यात फोनवर अखंड बडबड करणारा मुलगा गप्प झाला होता. सकाळी उठवता उठत नसे, शाळेतून आल्यावर बूट न काढता कोचावर आडवा होई, जेवणाऐवजी बिस्किटे मागे आणि क्षुल्लक कारणावरून रडे. मुलगी म्हणाली, ‘‘आई, इथे हिवाळ्यात सगळ्यांचंच असं होतं.’’ तिचे स्वतःचे डोळेही सुजलेले असत. मी तीस वर्षे रुग्ण तपासते आहे. ‘‘सगळ्यांचंच असं होतं’’ हे वाक्य ऐकले की मी जरा सावध होते.

अंधाराचे शरीराशी नाते

आपल्या मेंदूत एक घड्याळ असते. ते रोज थोडे मागेपुढे होते आणि सकाळच्या उजेडाने पुन्हा जुळवले जाते. हा उजेड डोळ्याच्या पडद्यावरून थेट त्या घड्याळापर्यंत पोहोचतो. अंधार पडला की मेलाटोनिन नावाचे संप्रेरक वाढते व झोप येऊ लागते, उजेड पडला की ते ओसरते. सकाळी आठला शाळेत जाताना बाहेर मिट्ट काळोख असेल तर या घड्याळाला दिवस सुरू झाल्याचा निरोपच मिळत नाही. मूल शाळेत बसते, पण शरीर अजून अंथरुणात असते.

घरातील दिव्यांनी हे भरून निघेल असे वाटते, पण उजेडाचे माप घेतले तर फरक लक्षात येतो. उजेड ‘लक्स’ या एककात मोजतात. भर उन्हात सुमारे एक लाख लक्स, भरदिवसा आभाळ भरलेले असतानाही बाहेर कित्येक हजार लक्स आणि रात्री दिवाणखान्यात दिवा लावून बसलो तर जेमतेम शंभर ते तीनशे. आपले डोळे जुळवून घेतात म्हणून हा फरक आपल्याला जाणवत नाही.

काही लोकांना दर हिवाळ्यात ठरावीक प्रकारची खिन्नता येते आणि वसंतात ती आपोआप जाते. अमेरिकेतील डॉ. नॉर्मन रोझेंथल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली या आजाराचे वर्णन करून त्याला नाव दिले. यात बहुधा झोप उडत नाही, उलट वाढते. भूक मरत नाही, उलट गोडाची व पिठाच्या पदार्थांची ओढ लागते. लहान मुलांत उदासीपेक्षा चिडचिड जास्त दिसते. यावर सकाळच्या वेळी दहा हजार लक्सच्या दिव्यासमोर अर्धा तास बसण्याचा उपचार आहे. तो डॉक्टरांना विचारूनच करावा, विशेषतः डोळ्यांचा आजार असेल तर. उमेओमध्ये २०१२ साली काही बसथांब्यांवर असे प्रखर दिवे बसवले होते, म्हणजे बसची वाट पाहता पाहता उजेड मिळावा.

आणखी एक गोष्ट. इतक्या उत्तरेला साधारण ऑक्टोबर ते मार्चपर्यंत उन्हातून त्वचेला ‘ड’ जीवनसत्त्व जवळजवळ तयार करता येत नाही. म्हणून स्वीडनमध्ये दोन वर्षांखालील सर्व बालकांना रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० युनिट, ‘ड’ जीवनसत्त्वाचे थेंब देतात. आपल्या सावळ्या त्वचेला तर ऊन अधिक लागते. तिकडे राहणाऱ्या आपल्या मोठ्या मुलांसाठीही डॉक्टरांना हे अवश्य विचारावे.

आता थोरल्याचे काय? त्याला हा आजार झाला होता असे मी म्हणणार नाही. हिवाळा, नवे बाळ, थकलेली आई आणि घरात आलेली आजी असे सगळे त्याच्यावर एकदम आले होते. आम्ही आधी साध्या गोष्टी केल्या. उठण्याची वेळ सुट्टीच्या दिवशीही तीच ठेवली. सकाळी उठताच घरातले सर्व दिवे लावले. संध्याकाळी पडद्यासमोर बसणे बंद केले. सुट्टीच्या दिवशी दुपारी बाराला, उणे दहा अंश असले तरी, मी त्याला घेऊन बाहेर पडे. तिथल्या शाळांतही मधल्या सुट्टीत मुलांना बर्फात बाहेर सोडतात. थंडीने नव्हे, अपुऱ्या कपड्यांनी आजार होतो असे तिथल्या आया मानतात आणि त्यात तथ्य आहे.

पण दोन वाजता अंधार पडल्यावर रात्री आठपर्यंतचे सहा तास? ते कसे घालवायचे?

नातू माझा गुरू

एके दिवशी नातू शाळेनंतरच्या केंद्रातून आला तो खिशात तांबड्या लोकरीची शेपटीसारखी साखळी घेऊन. ‘‘हे काय रे?’’ म्हटले तर म्हणाला, ‘‘बोटांवर विणलं. तुला येतं?’’

मला येत नव्हते. माझी आई उत्तम विणायची. तिच्या पिशवीत कायम अर्धवट स्वेटर असे. पण मी अभ्यासातली मुलगी. ‘‘तू पुस्तक घे, हे नंतर शिकशील’’ असे म्हणत म्हणत ते राहिले ते राहिलेच. मला माहीत असलेले टाके म्हणजे फुटलेल्या कपाळावर घालायचे टाके. नातवाला हे ऐकून फार आनंद झाला. डॉक्टर आजीला जे येत नाही ते आपल्याला येते! त्याने माझा डावा हात पुढे घ्यायला लावला आणि शिकवायला सुरुवात केली.

रीत अशी. लोकरीचे टोक अंगठ्याच्या बेचक्यात धरायचे. मग दोरा तर्जनीच्या पुढून, मधल्या बोटाच्या मागून, अनामिकेच्या पुढून, करंगळीच्या मागून असा नेऊन तसाच उलट परत आणायचा. म्हणजे प्रत्येक बोटावर एक वेढा पडतो. पुन्हा एकदा तसेच केले की दोन-दोन वेढे होतात. आता खालचा वेढा उचलून वरच्यावरून बोटाच्या मागे टाकायचा. चारही बोटांचे झाले की पुन्हा दोरा फिरवायचा. असे करत गेले की हाताच्या मागून साखळीसारखा पट्टा लोंबू लागतो. शेवटी दोरा कापून तो चारही वेढ्यांतून ओवायचा आणि ओढून घ्यायचा. सुई नको, कात्री एकदाच लागते. दहा मिनिटांत मूल शिकते, मला मात्र दोन संध्याकाळ लागल्या.

त्या पट्ट्याचे आम्ही काय नाही केले! गुंडाळून शिवला की गरम भांड्याखाली ठेवायची चकती. लांब केला की मफलर. जुन्या पुठ्ठ्याच्या दोन गोल चकत्यांवर लोकर गुंडाळून, कडेने कापून, मध्ये बांधून गोंडे केले आणि ते टोपीला लावले. १३ डिसेंबरला तिथे लुसियाचा सण असतो. पांढरे झगे घातलेली मुले अंधारात दिवे घेऊन गात येतात. त्या सुमारास घरोघर खिडक्यांत दिवे आणि कागदाचे तारे असतात. आम्हीही कागदाचे तारे केले आणि नातवाने त्यांत एक आकाशकंदील करायला लावला. शेजारच्या एका वृद्ध बाईंनी आम्हा दोघांना सुयांवर साधे सुलट टाके शिकवले. त्यांना इंग्रजी थोडेच येई, मला स्वीडिश मुळीच नाही. पण टाका सुटला की ‘‘अरेरे’’ दोघींच्याही तोंडून एकदमच निघे.

हातांना काम दिले की तोंड उघडते

आता वैद्यकीय मुद्द्याकडे वळू. लोकरीने खिन्नता बरी होते असा दावा मी करणार नाही. २०१३ साली ब्रिटनमधील एका व्यवसायोपचाराच्या नियतकालिकात विणकाम करणाऱ्या साडेतीन हजारांहून अधिक लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली. वरचेवर विणणाऱ्यांनी आपल्याला शांत व आनंदी वाटते असे सांगितले होते. पण ज्यांना विणणे आवडते तेच विणतात, हे ध्यानात ठेवले पाहिजे. लहान मुलांवर तो अभ्यास नव्हता. त्यामुळे मी औषध म्हणून नव्हे, तर चांगल्या दिनक्रमाचा एक भाग म्हणूनच याकडे पाहते.

तरीही काही गोष्टी समजण्यासारख्या आहेत. एकाच लयीत चाललेले हाताचे काम मनाला एका जागी धरून ठेवते. मोबाईलच्या खेळात हात चालतो, पण शेवटी हातात काही उरत नाही. इथे संध्याकाळअखेर चार बोटे वाढलेला पट्टा दिसतो. उदास मुलाला ‘‘मी काहीतरी केले’’ ही भावना फार मोलाची असते. अंगठा व तर्जनीची पकड सुधारते, दोन्ही हात एकमेकांना साथ द्यायला शिकतात आणि पेन्सिल धरण्यासाठी हीच तयारी लागते. चूक झाली तर उसवून पुन्हा करता येते, हा धडाही सहज मिळतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बोलणे. मुलाला समोर बसवून ‘‘तुला काय होतंय?’’ असे विचारले तर ते गप्प बसते. शेजारी बसून दोघांचे डोळे हातातल्या कामावर असले की ते आपणहून बोलते. एका संध्याकाळी नातू लोकरीची लडी दोन्ही हातांवर धरून बसला होता आणि मी गुंडा करत होते. मध्येच त्याने विचारले, ‘‘आजी, बाळ आलं म्हणून अंधार झाला का?’’

माझा हात थांबला. बाळ नोव्हेंबरात आले, अंधारही नोव्हेंबरात वाढला, आई तेव्हापासूनच अंथरुणात आणि रडवेली. सात वर्षांच्या डोक्याने त्याचा सरळ हिशेब मांडला होता. गेल्या वर्षीचा हिवाळा त्याला आठवत नव्हता. महिनाभर हे ओझे घेऊन तो कोचावर पडून राहात होता आणि आम्ही त्याला बिस्किटे कमी खा म्हणून सांगत होतो.

मी लोकरीच्या गुंड्याची पृथ्वी केली, टेबलावरच्या दिव्याचा सूर्य केला आणि गुंडा कलता धरून दिव्याभोवती फिरवून दाखवला. सुई खोचली ते उमेओ आणि खाली खोचली ती आजीचे सातारा. ‘‘म्हणजे बाळामुळे नाही?’’ ‘‘नाही रे बाबा. आणि मार्चमध्ये उजेड परत येणार, बाळ इथेच असलं तरी.’’ त्या रात्री तो पोटभर जेवला.

स्लॉइड आणि टकळी

या देशांत हातकाम हा रिकामपणचा उद्योग मानत नाहीत. फिनलंडमध्ये ऊनो सिग्नेयस या शिक्षणतज्ज्ञाच्या प्रयत्नांतून १८६६ साली प्राथमिक शाळांत हस्तकला हा सक्तीचा विषय झाला. त्यांचेच विचार पुढे नेत स्वीडनच्या ओटो सालोमन यांनी गोथेनबर्गजवळ नॅस येथे शिक्षकांसाठी हस्तकलेचे विद्यालय चालवले. तिथे अनेक देशांतून शिक्षक येत. स्वीडिश भाषेत या विषयाला ‘स्लॉइड’ म्हणतात. आजही तो तिथल्या शाळांत सक्तीचा आहे. मुलगे शिवण व विणकाम शिकतात, मुली रंधा आणि हातोडा चालवतात, त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही.

पण आपण हे फार लांबून शिकायला नको. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि हाताच्या उद्योगातून शिक्षण, म्हणजेच नई तालीम, हा विचार देशापुढे आला. लहान मुलांच्या हातात टकळी आली. आपल्या माण-खटाव भागात धनगर बांधव पिढ्यान्‌पिढ्या मेंढीच्या लोकरीची घोंगडी करत आले. घरोघर आज्या जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवत. शाळेत कार्यानुभवाचा तास असे. तो तास गणिताला देऊन टाकण्याची सवय आपण लावून घेतली, हे कबूल करायला हवे. माझ्या मुलींच्या वेळी मीही तेच केले.

माझ्या हातून झालेली चूक

आता एक गोष्ट सांगते. ती सांगताना आजही मला संकोच वाटतो. पण सांगायलाच हवी.

नाताळच्या सुट्टीत नातवाने आणि मी मिळून बाळासाठी लोकरीचे मोजे केले. साधे चौकोन विणले, दुमडले, शिवले. एक त्याचा, एक माझा. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी बाळ रडायला लागले ते काही केल्या थांबेना. दूध पाजले, ढेकर काढला, लंगोट बदलला, पोटावर हिंग लावला. पोटात वारा धरला असेल असे मी छातीठोकपणे सांगितले. दीड तास गेला. शेवटी मुलगी म्हणाली, ‘‘आई, दवाखान्यात असं रडणारं बाळ आलं तर तू आधी काय करतेस?’’

मी म्हणाले, ‘‘सगळे कपडे काढून डोक्यापासून पायापर्यंत बघते.’’ आणि माझी मलाच लाज वाटली.

कपडे काढले. उजवा मोजा काढला. पायाचे दुसरे बोट जांभळट लाल आणि टम्म सुजलेले. मोज्याच्या आत सुटून राहिलेला लोकरीचा बारीक धागा बोटाला दोन वेढे घालून घट्ट आवळला होता. सूज आल्यामुळे तो जवळजवळ दिसतच नव्हता. बारीक कात्रीने मी तो कापला. एखादा तंतू आत रुतून राहिला असेल तर धोका तसाच राहतो म्हणून लगेच रुग्णालयात नेले. त्यांनी भिंगाखाली तपासून सर्व निघाल्याची खात्री केली. काही वेळाने बोटाचा रंग परत आला आणि दोन दिवसांत सूज उतरली. आणखी काही तास गेले असते तर बोट दगावले असते. मोजा कोणाचा होता? माझा. आतली टोके न लपवता मी तो तसाच शिवला होता.

वाचकहो, हे लक्षात ठेवा. आईचा गळलेला केस किंवा कपड्यातला सुटा धागा तान्ह्या बाळाच्या पायाच्या वा हाताच्या बोटाला, क्वचित मुलाच्या लिंगाला गुंडाळला जाऊन रक्तपुरवठा तोडू शकतो. बाळंतपणानंतर आईचे केस काही महिने जास्त गळतात, त्यामुळे हा धोका तेव्हा अधिक. बाळ विनाकारण रडत असेल तर कपडे काढून प्रत्येक बोट पाहा. धागा निघत नसेल तर वेळ न घालवता डॉक्टरांकडे जा. बाळाचे मोजे, हातमोजे व टोपडी घालण्यापूर्वी उलटी करून पाहा.

थोरल्याने हे सगळे दाराआडून पाहिले. सकाळी त्याची लोकर कचऱ्याच्या डब्यात सापडली. ‘‘मी कधीच विणणार नाही.’’ मी त्याला सांगितले, ‘‘चूक तुझी नव्हती, माझी होती. आणि मी डॉक्टर असून केली.’’ मग दोघांनी मोजे उलटे केले आणि टोके टाक्यांतून ओवून कशी लपवायची ते मी शेजारच्या बाईंकडून शिकून त्याला शिकवले. त्याला घरचा तपासनीस नेमले. रोज संध्याकाळी बाळाचे सगळे मोजे उलटे करून तो बोट फिरवून पाही आणि ‘‘पास’’ म्हणे. बाळाला आपल्यामुळे इजा झाली असे मानणारा मुलगा बाळाचा राखणदार झाला. ते पाहून मी निर्धास्तपणे परत आले.

कोणत्या वयाला काय द्यावे

१) दोन ते तीन वर्षे : गुंडा गडगडवणे, कागद फाडून चिकटवणे, कणीक मळणे. या वयात वीतभराहून लांब सुटा दोरा हातात देऊन मुलाला एकटे सोडू नये. तो गळ्याभोवती बसू शकतो.

२) चार ते पाच वर्षे : पुठ्ठ्याला मोठी भोके पाडून त्यातून बुटाची नाडी ओवणे, मोठ्यांच्या मदतीने गोंडे करणे.

३) सहा ते सात वर्षे : बोटांवर विणणे, पुठ्ठ्याच्या चौकटीवर दोरे ताणून विणणे, बोथट सुईने गोणपाटावर टाके घालणे.

४) आठ वर्षांपुढे : जाड सुयांवर सुलट टाके, क्रोशाची साखळी, बटण लावणे, उसवलेली शिवण शिवणे. मुलगे व मुली दोघांनाही.

सुरुवातीला जाड, फिक्या रंगाची लोकर घ्यावी, म्हणजे टाके दिसतात. त्वचेला खाज येणाऱ्या मुलांना लोकरीऐवजी जाड सुती दोरा द्यावा. एका वेळी वीस-पंचवीस मिनिटे पुरे. हे जवळचे काम आहे, त्यामुळे मध्ये उठून दूर पाहावे आणि दिवा पुरेसा असावा. मुलाने केलेला वेडावाकडा पट्टा गुपचूप उसवून सरळ करू नये. तो त्याचा आहे.

सांभाळण्याच्या गोष्टी

शस्त्रक्रियागृहात ऑपरेशनच्या शेवटी सुया मोजतात. घरीही तेच करा. काढताना किती आणि ठेवताना किती ते मुलालाच मोजायला लावा. बोटांवरची लोकर घट्ट आवळू नये, बोट पांढरे वा निळे पडले तर ताबडतोब काढावी आणि विणकाम बोटांवर तसेच ठेवून मूल झोपी जाऊ नये. मणी व बटणे लहान भावंडांच्या हाताला लागता कामा नयेत.

हल्ली कंदिलात ठेवायला छोटे विजेरी दिवे मिळतात. त्यांत बटणासारखी चपटी बॅटरी असते. ती मुलाने गिळली तर दोन तासांतच अन्ननलिका भाजू शकते. त्रास दिसण्याची वाट न पाहता, उलटी न करवता सरळ मोठ्या रुग्णालयात न्यावे. गरम गोंदाने भाजल्यास वीस मिनिटे वाहत्या थंड पाण्याखाली धरावे. टूथपेस्ट, शाई, तूप काही लावू नये.

लोकर कुठे पुरी पडत नाही

मूल दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वा चिडखोर असेल, खेळणे सोडले असेल, शाळेत जायला नकार देत असेल, झोप व भूक बदलली असेल, तर डॉक्टरांना दाखवा. ‘‘मी नकोसा आहे’’, ‘‘मी मेलो तर बरं’’ असे बोलल्यास एक दिवसही थांबू नका. बाळंतिणीचे पहिल्या काही दिवसांतले रडू आपोआप ओसरते, पण ते दोन आठवड्यांपुढे गेले तर तो आजार असू शकतो आणि त्यावर चांगले उपचार आहेत. स्वीडनमध्ये प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी प्रत्येक आईला दहा प्रश्नांची यादी देऊन मनाची विचारपूस करतात. माझ्या मुलीने ती खरेपणाने भरली, तिथल्या परिचारिकेशी काही वेळा बोलली आणि तिला आराम पडला. आपल्याकडे ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

आणि उन्हाचे काय? ते तर आपल्याकडे फुकट आहे. आपली मुले मात्र सकाळी रिक्षात, दिवसभर वर्गात, संध्याकाळी शिकवणीत आणि रात्री मोबाईलसमोर. अकरा तासांचा दिवस असून त्यांच्या वाट्याला उमेओइतकाही उजेड येत नाही. रोज दोन तास तरी मूल उघड्यावर असावे. त्याने लघुदृष्टीचा चष्मा लागण्याची शक्यताही कमी होते. विणकाम हे दिवे लागल्यानंतरचे काम, अंगणाच्या बदल्यातले नव्हे. जमले तर थंडीच्या सकाळी अंगणात उन्हाला बसूनच विणा, म्हणजे दोन्ही साधेल.

काका-काकू पुढच्या मंगळवारी रक्तदाब दाखवायला पुन्हा आले. काकूंच्या पिशवीतून मोरपिशी लोकर डोकावत होती. काका म्हणाले, ‘‘बाई, हिने मला उलट-सुलट शिकवायला घेतलंय. तीन वेळा उसवलं.’’ मी रक्तदाब मोजला. गेल्या वेळेपेक्षा थोडा कमी होता. तो गोळीने कमी झाला होता, लोकरीने नव्हे, असे मी त्यांना स्पष्ट सांगितले. गोळी चालूच ठेवायची, सुयाही चालू ठेवायच्या.